नर्स प्रॅक्टिशनर व्हायचंय, फेडरल कर्ज किती घेऊ?

प्रश्न : मी मूळची सांगलीची. पुण्यात बी.एस्सी. नर्सिंग केलं, लग्नानंतर न्यू जर्सीत आले, इथली एनक्लेक्स परीक्षा देऊन आरएन (नोंदणीकृत नर्स) झाले. एका नॉनप्रॉफिट हॉस्पिटलमध्ये पूर्णवेळ नोकरी करते, पगार वर्षाला ८८,००० डॉलर. नवरा आयटीत आहे, त्याचा पगार १,१५,०००. दोन मुलं आहेत, घराचा हप्ता चालू आहे. गेल्या वर्षी आम्हाला ग्रीन कार्ड मिळालं. आता फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरच्या (रोगनिदान करून औषधं लिहून देणाऱ्या नर्सच्या) मास्टर्सला प्रवेश मिळाला आहे, ऑगस्ट २०२६ पासून. एकूण ४८ क्रेडिट, क्रेडिटला १,००० डॉलर; फी, पुस्तकं धरून खर्च ५२,००० च्या आसपास. नोकरी सोडून दोन वर्षांत करता येतं किंवा नोकरी सांभाळून तीन वर्षांत. माझी मैत्रीण म्हणते, ‘ग्रॅड प्लस हे केंद्र सरकारचं (फेडरल) कर्ज घे, सगळा खर्च भागतो, मी तेच केलं.’ नवरा म्हणतो, ‘आपला पगार बघून सरकार काही देणार नाही, मी को-साइन करतो (जामीन राहतो), खासगी कर्ज घेऊ किंवा घरावर काढू.’ सासरे म्हणतात, ‘सांगलीचा फ्लॅट तारण ठेवून भारतातल्या बँकेतून घ्या.’ हॉस्पिटल शिक्षणासाठी वर्षाला ५,२५० डॉलर देतं असं ऐकलं आहे. शिवाय पुढे सिटिझनशिपला अर्ज करायचा आहे, कर्जामुळे अडचण येईल का? नेमकं काय करू?
– एडिसनची एक वाचक

उत्तर :

ताई, आधी मैत्रिणीच्या सल्ल्याचं बघू, कारण तुमच्या घरातली सगळी चर्चा त्यावर उभी आहे. तिने सांगितलेलं तिच्यापुरतं खरं आहे, तुमच्यासाठी नाही. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या ‘वन बिग ब्यूटिफुल बिल अ‍ॅक्ट’ने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस बंद केलं. त्या तारखेआधीच कोर्समध्ये असलेल्या आणि त्याच कोर्ससाठी फेडरल कर्ज उचललेल्या विद्यार्थ्यांना जुन्या मर्यादा पुढे चालू राहतात, त्याही जास्तीत जास्त तीन वर्षं किंवा कोर्सचा उरलेला काळ, यातलं जे कमी असेल तेवढ्यासाठी. मैत्रीण त्या सवलतीत बसते. तुमचा कोर्स ऑगस्टमध्ये सुरू होणार, म्हणून तुम्ही बसत नाही.

तुमच्यासाठी आता एकच फेडरल कर्ज उरतं : डायरेक्ट अनसबसिडाइज्ड, म्हणजे शिकतानाचं व्याजही आपणच भरायचं असं. ग्रॅज्युएट विद्यार्थ्याला वर्षाला जास्तीत जास्त २०,५०० डॉलर, आणि ग्रॅज्युएट शिक्षणासाठी आयुष्यात एकूण १,००,०००. ‘प्रोफेशनल’ म्हणून धरलेल्या पदव्यांना वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० मिळतात. तुमच्या वॉर्डात यावर चर्चा झालीच असेल. कायद्याने ज्या जुन्या नियमाचा आधार घेतला आहे, त्यात औषधनिर्माण, दंतवैद्यक, पशुवैद्यक, कायरोप्रॅक्टिक, कायदा, वैद्यक, ऑप्टोमेट्री, ऑस्टिओपॅथी, पोडियाट्री आणि धर्मशास्त्र ही नावं आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये शिक्षण खात्याच्या नियम समितीने त्यात क्लिनिकल सायकॉलॉजी घातलं, नर्सिंग घातलं नाही. इतकी वर्षं रात्रपाळ्या करणाऱ्या माणसाला ते लागणं साहजिक आहे. पण ही यादी फक्त कर्जाची कमाल रक्कम ठरवते, तुमच्या परवान्याला आणि कामाला तिचा धक्का लागत नाही. तुमचा कोर्स कोणत्या गटात धरला आहे, हे युनिव्हर्सिटीच्या फायनान्शियल एड ऑफिसकडून ईमेलवर लिहून घ्या. आम्ही पुढचं गणित २०,५०० धरून करतो.

तुमच्या यजमानांची शंका अनेक घरांत असते, आणि ती चुकीची आहे. अनसबसिडाइज्ड कर्ज गरज बघून दिलं जात नाही. घरात दोन लाख येत असले तरी मिळतं. क्रेडिट स्कोअर बघत नाहीत, को-साइनर लागत नाही. अट इतकीच की तुम्ही अमेरिकन नागरिक किंवा पात्र बिगरनागरिक असलं पाहिजे आणि किमान हाफ-टाइम शिकत असलं पाहिजे. ग्रीन कार्डधारक पात्र आहेत. एच-४, एच-१बी किंवा एफ-१ वर असलेल्यांना फेडरल कर्ज मिळत नाही, म्हणजे दोन वर्षांपूर्वी तुम्हालाही मिळालं नसतं. सिटिझनशिपचं म्हणाल, तर विद्यार्थी कर्ज हे फेडायचं कर्ज आहे. त्याला सरकारी मदतीवर जगणं म्हणत नाहीत. कर्ज घेतलंत म्हणून अर्ज अडत नाही. हप्ते थकवून डिफॉल्टमध्ये मात्र जाऊ नका.

व्याज आता नीट समजून घ्या. ग्रॅज्युएट कर्जाचा दर दरवर्षी मे महिन्यातल्या दहा वर्षांच्या ट्रेझरी नोटच्या लिलावावर ठरतो : लिलावातला दर अधिक ३.६ टक्के, कमाल ९.५. २०२५-२६ साठी तो ७.९४ टक्के होता. त्या वर्षी घेतलेल्या कर्जाला तो शेवटपर्यंत तसाच राहतो. तुमचं पहिलं कर्ज २०२६-२७ च्या दराने मिळेल, दुसरं २०२७-२८ च्या, असे तीन वर्षांत वेगवेगळे दर होतील. हिशेबासाठी आम्ही सगळीकडे ७.९४ धरतो. पैसे युनिव्हर्सिटीकडे जमा झाल्या दिवसापासून व्याज चढतं, शिकत असतानाही. शिवाय १.०५७ टक्के फी आधीच कापली जाते. ६,८५० डॉलरचं कर्ज मंजूर झालं तर युनिव्हर्सिटीकडे सुमारे ७२ डॉलर कमी पोहोचतात, व्याज मात्र पूर्ण ६,८५० वर. तेवढ्याच रकमेचं महिन्याचं व्याज ४५ डॉलरच्या आसपास. शिकताना हे व्याज भरायची सक्ती नाही, पण भरता येतं, आणि जमेल तितकं भरावं असंच आमचं मत आहे.

दोन वर्षं की तीन? तुमच्या पत्रातला खरा प्रश्न आम्हाला हाच वाटतो.

नोकरी सोडून दोन वर्षांत केलंत तर फेडरल कर्ज दोन वर्षांचं मिळून जास्तीत जास्त ४१,०००. वरचे ११,००० खासगी कर्जातून किंवा खिशातून. हॉस्पिटलची मदत नोकरीबरोबर जाते. दोन वर्षांचा पगार, म्हणजे १,७६,००० डॉलर, घरात येत नाहीत. बदल्यात नर्स प्रॅक्टिशनरचा पगार एक वर्ष आधी सुरू होतो. दोन मुलं आणि घराचा हप्ता असताना हा सौदा आम्हाला पटत नाही. तीन वर्षांचा रस्ता घ्या.

त्या रस्त्यावर एक नवा खड्डा आहे. नव्या कायद्याप्रमाणे पूर्णवेळ न शिकणाऱ्याची वार्षिक मर्यादा त्याच प्रमाणात कापली जाते. तुमच्याकडे सेमिस्टरला ९ क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ असं गृहीत धरू. तुम्ही फॉल आणि स्प्रिंगमध्ये सहा-सहा घेणार, म्हणजे १८ पैकी १२, दोन तृतीयांश. २०,५०० चे साधारण १३,७०० होतात. जुन्या विद्यार्थ्यांनी सांगितलेले आकडे इथेच चुकतात. उन्हाळ्याची क्रेडिट त्यात कशी मोजायची हे युनिव्हर्सिटीच्या शैक्षणिक वर्षाच्या व्याख्येवर अवलंबून असतं, ते विचारून घ्या. आणि एका वर्षी न उचललेली मर्यादा पुढच्या वर्षी वाढवून मिळत नाही.

तरीही १३,७०० तुम्हाला पुरतात, कारण हॉस्पिटलचे ५,२५० आहेत. हा आकडा कुठून आला ते माहीत असू द्या. टॅक्स कायद्याच्या कलम १२७ खाली कंपनी एका कॅलेंडर वर्षात ५,२५० डॉलरपर्यंत शिक्षणासाठी देऊ शकते आणि त्यावर तुम्हाला टॅक्स लागत नाही. इथे ‘कॅलेंडर वर्ष’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तुमचा कोर्स तीन वर्षांचा असला तरी तो २०२६, २०२७, २०२८ आणि २०२९ अशा चार कॅलेंडर वर्षांना स्पर्श करतो. चार वेळा ५,२५० म्हणजे २१,००० डॉलर.

पण हॉस्पिटल पैसे कसे देतं? बहुतेक ठिकाणी तुम्ही आधी भरायचं, ग्रेड आल्यावर पावती लावायची आणि मग परतफेड मिळते. फॉल २०२६ चे ग्रेड डिसेंबरच्या मध्याला येतात, पैसे जानेवारीत. ते २०२७ च्या खात्यात मोजले जातात आणि २०२६ चे ५,२५० वापरलेच जात नाहीत. असं झालं की चारऐवजी तीनच वर्षं पदरात पडतात. म्हणून एचआरला आत्ताच विचारा : थेट युनिव्हर्सिटीला फी भरण्याची किंवा आगाऊ रक्कम देण्याची सोय आहे का? काही हॉस्पिटलमध्ये असते, पण मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही. नसेल तर आणखी एक वाट आहे. कलम १२७ मधून कंपनीला तुमच्या विद्यार्थी कर्जाचे हप्तेही भरता येतात. ही सोय २०२५ च्या त्याच कायद्याने कायमची केली. तुमच्या हॉस्पिटलच्या योजनेत ती असेल तर हुकलेले ५,२५० पदवीनंतरच्या वर्षी कर्जाकडे वळवता येतील. त्याच बैठकीत आणखी तीन गोष्टी विचारा. मदतीसाठी आठवड्याला किमान किती तास काम लागतं? ग्रेडची अट काय, कारण बी पेक्षा कमी आला तर पैसे नाहीत असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. आणि मदत घेतल्यानंतर किती काळ नोकरी सोडता येत नाही, सोडली तर किती परत करायचं? हे शेवटचं लेखी मागा. नर्स प्रॅक्टिशनर झाल्यावर तुम्हाला हॉस्पिटलबाहेर क्लिनिकमध्ये जावंसं वाटू शकतं, आणि तेव्हा हजारो डॉलर परत मागणारं पत्र आलं तर सगळा हिशेब कोलमडतो.

समजा, चारही वर्षांची मदत मिळाली. ५२,००० मधून २१,००० गेले, उरले ३१,०००. इथे थांबून एक आकडेमोड करा, कारण नव्या परतफेड योजनेत २५,००० ची एक रेघ आहे आणि ती तुमच्या अगदी जवळून जाते.

१ जुलै २०२६ नंतरच्या कर्जांना दोनच परतफेड योजना आहेत. पहिली, टप्प्यांची स्टँडर्ड योजना : २५,००० पेक्षा कमी कर्जाला १० वर्षं, २५,००० ते ५०,००० पर्यंत १५, त्यावर १,००,००० पर्यंत २०, आणि त्यापुढे २५ वर्षं. ३१,००० कर्ज ७.९४ टक्क्यांनी १५ वर्षांत फेडायचं तर हप्ता सुमारे २९५ डॉलर, एकूण भरणा ५३,००० च्या पुढे, म्हणजे व्याजच २२,००० डॉलर. आता तीन वर्षं दरमहा २०० डॉलर घरखर्चातून फीसाठी बाजूला काढले तर ७,२०० होतात, आणि कर्ज २३,८०० वर येतं. त्याला १० वर्षं मिळतात. हप्ता किती? सुमारे २८८. हप्ता जवळपास तोच, पण पाच वर्षं आधी मोकळ्या, आणि एकूण व्याज २२,००० ऐवजी ११,००० च्या आत. शिकतानाचं व्याज यात धरलेलं नाही. ते थोडंही भरलं नाही तर दोन्ही पर्यायांत वर चढेल, २३,८०० वर साधारण चार हजार डॉलर.

आणि ३१,००० च घ्यावे लागले तरी घाबरू नका. फेडरल कर्ज मुदतीआधी फेडायला दंड नाही. नव्या पगारातून महिन्याला ६२८ भरलेत तर तेच ३१,००० पाच वर्षांत संपतात, आणि व्याज ६,७०० च्या आत राहतं. जास्तीची रक्कम भरताना सर्व्हिसरच्या (सरकारच्या वतीने हप्ते घेणाऱ्या कंपनीच्या) संकेतस्थळावर सूचना द्या की ही रक्कम सर्वांत जास्त दराच्या कर्जाकडे वळवा आणि पुढच्या हप्त्याची तारीख ढकलू नका. ही सूचना दिली नाही तर जास्तीचे पैसे ‘पुढचे हप्ते आगाऊ भरले’ असे दाखवले जातात, आणि आपण मुदत कमी करतोय असं समजून माणूस दोन महिने निवांत बसतो.

दुसरी योजना रीपेमेंट असिस्टन्स प्लॅन, सगळे तिला रॅप म्हणतात. यात हप्ता कर्जावर ठरत नाही, उत्पन्नावर ठरतो. टॅक्स रिटर्नवरचं समायोजित उत्पन्न जितकं जास्त तितका टक्का जास्त, १ टक्क्यापासून ते उत्पन्न १,००,००० च्या वर असेल तर १० टक्क्यांपर्यंत, आणि प्रत्येक अवलंबितामागे महिन्याला ५० डॉलर सूट. ३० वर्षं भरल्यावर उरलेलं माफ. ऐकायला गोड वाटतं, पण तुमच्या घराला ही योजना महागात पडेल. तुम्ही दोघं एकत्र टॅक्स भरता, म्हणून दोघांचं उत्पन्न धरतात. २,०३,००० चे १० टक्के म्हणजे २०,३००, महिन्याला सुमारे १,६९०, दोन मुलांचे १०० वजा केले तरी १,५९०. स्टँडर्डच्या २८८ शी तुलना करा. वेगवेगळा टॅक्स भरला तर हप्ता फक्त तुमच्या उत्पन्नावर येईल, पण टॅक्सच्या इतर सवलती जातील, आणि तेवढ्यासाठी ते करण्यात अर्थ नाही. रॅप ज्यांचं कर्ज मोठं आणि पगार लहान त्यांच्यासाठी आहे. लगेच फेडायला पैसे नाहीत आणि नोकरी गेली, असा प्रसंग आलाच तर ती हाताशी आहे एवढं लक्षात ठेवा.

‘नॉनप्रॉफिटमध्ये दहा वर्षं काम केलं की कर्ज माफ’ हेही कोणी सांगितलं असेल. ती पीएसएलएफ (पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस), खरी योजना आहे आणि तुमचं हॉस्पिटल बहुधा त्यात बसतं. पण माफी मिळते ती १२० पात्र हप्ते भरल्यावर जे उरेल त्याची. तुमच्या उत्पन्नाला रॅपमधून हप्ते भरलेत तर हे कर्ज दोन-तीन वर्षांतच संपतं, माफ व्हायला काही उरत नाही. निवासी डॉक्टरांना, ज्यांचं कर्ज दोन-दोन लाख असतं आणि सुरुवातीची वर्षं पगार तुटपुंजा, त्यांना ही योजना खूप उपयोगी आहे.

तुमच्या कामाची योजना वेगळी : फेडरल आरोग्य खात्याच्या एचआरएसए विभागाची नर्स कोअर लोन रीपेमेंट. कमतरता जाहीर झालेल्या ठिकाणी दोन वर्षं पूर्णवेळ सेवा केली तर नर्सिंगच्या शिक्षणाच्या शिल्लक कर्जाचे ६० टक्के फेडले जातात, तिसऱ्या वर्षी मूळ रकमेच्या आणखी २५ टक्के मिळू शकतात. ग्रीन कार्डधारकाला अर्ज करता येतो. ही रक्कम करपात्र असते आणि निवड होईलच असं नाही. म्हणून तिच्या भरवशावर जास्त कर्ज उचलू नका. पण घरावर कर्ज काढण्याच्या कल्पनेविरुद्धचं हे एक ठोस कारण आहे : नर्स कोअर शिक्षणासाठी घेतलेली कर्जं फेडते, घर तारण ठेवून काढलेले पैसे नाही.

मग खासगी कर्ज कधी? तुमच्या यजमानांचा क्रेडिट स्कोअर चांगला असेल तर खासगी दर फेडरलपेक्षा कमी दिसू शकतो, हे मान्य करायला हवं. पण दोन गोष्टी तपासा. तो दर स्थिर आहे की बदलता? जाहिरातीतला सर्वांत लहान आकडा बहुधा बदलत्या दराचा असतो. आणि कर्जदाराचा मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर काय? फेडरल कर्ज अशा वेळी माफ होतं; खासगी कर्जात करारात काय लिहिलंय ते बघावं लागतं आणि को-साइनर म्हणून यजमान जबाबदार राहू शकतात. आमचा क्रम असा : आधी हॉस्पिटलचे पैसे, मग महिन्याचे २००, मग फेडरल, आणि त्यानंतरही खड्डा उरला तरच स्थिर दराचं खासगी किंवा न्यू जर्सी राज्याचं एनजेक्लास. पदवीनंतर पगार वाढला आणि खासगी दर स्वस्त असला तर फेडरल कर्ज खासगीत बदलून घेता येतं. खासगीतून परत फेडरलमध्ये येता येत नाही. म्हणून फेडरलने सुरुवात केली की दोन्ही दारं उघडी राहतात.

सासऱ्यांच्या सूचनेमागचं प्रेम कळतं. पण त्यांच्या उतारवयात त्यांच्या राहत्या मालमत्तेवर बोजा चढवून, रुपयांतलं कर्ज इथल्या डॉलरमधून फेडत बसायचं, आणि एखादा हप्ता चुकला तर बँकेचा माणूस त्यांच्या दारात? फेडरल कर्जाला तारण लागत नाही. त्यांना हेच सांगा, त्यांना बरं वाटेल.

टॅक्सवर फार विसंबू नका. विद्यार्थी कर्जाच्या व्याजाची २,५०० पर्यंतची वजावट आणि २,००० पर्यंतचं लाइफटाइम लर्निंग क्रेडिट, दोन्ही उत्पन्न वाढलं की कमी होत जातात. एकत्र रिटर्नला वजावट २०२५ मध्ये १,७०,००० पासून घटत २,००,००० ला संपते; क्रेडिट १,६०,००० पासून १,८०,००० पर्यंत. तुम्ही दोघं ४०१(के) या निवृत्ती खात्यात किती टाकता यावर तुमचा आकडा कुठे पडतो ते ठरेल. क्लिनिकलच्या (प्रत्यक्ष रुग्णांसोबतच्या प्रशिक्षणाच्या) वर्षी तुमचे नोकरीचे तास कमी झाले तर हे टॅक्स क्रेडिट मिळूही शकतं, तेव्हा तपासा. मात्र हॉस्पिटलने भरलेल्या फीवर क्रेडिट मागता येत नाही.

आता अर्ज. स्टुडंटएड डॉट गव्ह वर खातं उघडा आणि २०२६-२७ चा फॅफ्सा, म्हणजे फेडरल मदतीचा अर्ज, भरा. त्यात २०२४ चं टॅक्स रिटर्न वापरतात. ग्रॅज्युएट विद्यार्थी म्हणून तुम्ही स्वतंत्र धरल्या जाता, आईवडिलांची माहिती लागत नाही. यजमानांबरोबर एकत्र रिटर्न भरलं असेल तर त्यांना वेगळं खातं उघडावं लागत नाही. टॅक्स खात्याकडून माहिती घेण्याला संमती द्यावीच लागते. ‘नको’ म्हटलं की फेडरल मदत बंद.

आपल्या लोकांचं घोडं अडतं ते नावावर. पासपोर्टमध्ये गिव्हन नेमच्या रकान्यात तुमचं आणि यजमानांचं नाव एकत्र असतं, ग्रीन कार्डवर तेच उतरतं, आणि सोशल सिक्युरिटी कार्डवर मात्र कुठेतरी मधलं नाव गळलेलं किंवा माहेरचं आडनाव. फॅफ्सावर सोशल सिक्युरिटी कार्डवर आहे तेच नाव, त्याच स्पेलिंगने लिहा. ग्रीन कार्ड मिळाल्यावर सोशल सिक्युरिटी ऑफिसमध्ये आपली स्थिती बदलून घेतली नसेल तर आधी ते करा. त्यांच्याकडे तुम्ही अजून जुन्याच व्हिसावर असाल तर पडताळणी अडकते. एलियन नंबर नऊ आकडी लागतो, तुमचा आठ आकडी असेल तर पुढे शून्य लावा. तरी पडताळणी अडली तर युनिव्हर्सिटी ग्रीन कार्डची प्रत मागेल. ऑगस्टच्या गर्दीत त्याला आठवडे जातात, म्हणून हे काम आधी उरका.

नंतर युनिव्हर्सिटी ऑफर पाठवेल आणि त्यात बहुधा तुम्हाला मिळू शकणारी कमाल रक्कम आधीच भरलेली असेल. ‘स्वीकार’ दाबायच्या आधी ती खोडून तुमचा आकडा लिहा. वर्षाला आठ हजारांच्या आसपास, त्याहून जास्त नाही. पहिल्यांदा घेताना एन्ट्रन्स काउन्सेलिंग आणि मास्टर प्रॉमिसरी नोट (कर्जाचा करार) ही दोन कामं ऑनलाइन करावी लागतात, तासाभरात होतात. चुकून जास्त उचललं गेलं तर पैसे मिळाल्यापासून १२० दिवसांच्या आत परत करा, त्या रकमेवरची फी आणि व्याज रद्द होतं. फी भरून उरलेली रक्कम युनिव्हर्सिटी तुमच्या खात्यात टाकते. ती बक्षीस नाही, तेही ७.९४ टक्क्यांचंच कर्ज.

कोर्स चालू असताना दोन ठिकाणी सांभाळा. पहिलं, हाफ-टाइमची रेघ. ९ क्रेडिट पूर्णवेळ असतील तर साडेचार-पाचच्या खाली गेलात की तुम्ही हाफ-टाइमच्या खाली. मग उन्हाळ्यातली चार क्रेडिट? काही युनिव्हर्सिटी उन्हाळ्यात सहाला पूर्णवेळ धरतात, काही नाही. नाही धरत असतील तर उन्हाळ्यात कर्ज मिळणार नाही, तेव्हा ती फी हॉस्पिटलच्या पैशातून भरायची असं आधीच ठरवा. शिवाय पदवीनंतरच्या सहा महिन्यांच्या सवलतीचं घड्याळ हाफ-टाइमखाली गेल्याबरोबर सुरू होतं आणि ती सवलत एकदाच मिळते. नर्स प्रॅक्टिशनरच्या विद्यार्थ्यांना याचा फटका बसतो तो प्रीसेप्टरमुळे, म्हणजे ज्याच्या हाताखाली क्लिनिकल करायचं त्या अनुभवी मार्गदर्शकामुळे. अनेक कोर्समध्ये क्लिनिकलसाठी प्रीसेप्टर स्वतः शोधावा लागतो, तो ऐन वेळी नाही म्हणतो, सेमिस्टर वाया जाते, आणि सहा महिन्यांनी पहिला हप्ता दारात उभा राहतो. प्रीसेप्टर युनिव्हर्सिटी देते की विद्यार्थ्याने शोधायचा, हे प्रवेश पक्का करण्याआधी विचारा. शोधायचा असेल तर आपल्याच हॉस्पिटलमधल्या ओळखीच्या नर्स प्रॅक्टिशनर्सशी आत्तापासून बोलून ठेवा. दुसरं, सेमिस्टर मध्येच सोडायची वेळ आली तर तारीख बघा. ६० टक्के सेमिस्टर पूर्ण होण्याआधी सोडलंत तर ‘न कमावलेलं’ कर्ज युनिव्हर्सिटीला परत पाठवावं लागतं आणि फीची तेवढी बाकी तुमच्या नावावर रोख उभी राहते. पंधरा आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये हा टप्पा नवव्या आठवड्यानंतर येतो.

शेवटचं वर्ष सगळ्यात अवघड जाणार, हे गृहीत धरा. क्लिनिकलच्या तासांमुळे शिफ्ट कमी कराव्या लागतील, आणि तास कमी झाले तर हॉस्पिटलची मदतही अडू शकते. म्हणून पहिल्या दोन वर्षांत कर्ज जितकं कमी घेता येईल तितकं घ्या आणि तिसऱ्या वर्षी गरज पडली तर १३,७०० पर्यंत जायची मोकळीक ठेवा. २५,००० ची रेघ ओलांडायची की नाही, ते तेव्हा घरातली परिस्थिती बघून ठरवा.

या आठवड्यात दोन ईमेल पाठवा. फायनान्शियल एड ऑफिसला : माझा कोर्स कोणत्या गटात, सहा क्रेडिटला माझी वार्षिक मर्यादा किती, उन्हाळ्यात हाफ-टाइम म्हणजे किती क्रेडिट, आणि या कोर्ससाठी युनिव्हर्सिटीने स्वतःची कमी मर्यादा ठेवली आहे का? कायद्याने तशी मुभा त्यांना दिली आहे. एचआरला : पैसे आधी की ग्रेडनंतर, किमान तास किती, कर्जाचे हप्ते योजनेत बसतात का, आणि नोकरी सोडली तर किती परत? दोन्हीकडून लेखी उत्तर आलं की वरचे आकडे त्यात घालून पुन्हा मांडा, आणि यजमानांना शेजारी बसवून मांडा.